इंद्रायणी कणी : पाच किलो, सात आठवडे

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातील भुसार विभागातून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पाच किलो इंद्रायणी कणी आणली आणि ती जुलैच्या अखेरीस संपली. त्याच पेढीवर अख्खा इंद्रायणी ६८ रुपये किलो होता आणि कणी ४२ रुपये, म्हणजे पाच किलोंमागे १३० रुपये वाचले. आमच्या चार माणसांच्या घरात आठवड्यातून चार-पाच वेळा ती शिजली, त्यावरून बनलेले हे मत आहे.

कणी म्हणजे हलक्या प्रतीचा तांदूळ, असा समज अजूनही बऱ्याच घरांत आढळतो आणि तो चुकीचा आहे. गिरणीत भात भरडला की तूस आणि कोंडा निघतो, अख्खे दाणे वेगळे होतात आणि जे दाणे मोडतात त्यांतला मोठा भाग तुकडा म्हणून व बारीक भाग कणी म्हणून विकला जातो. भात वाळवताना उन्हाचा ताव एकदम बसला तर दाण्याला आतून चिरा पडतात आणि भरडताना तेथेच तो तुटतो. त्याच्या चवीत मात्र यामुळे काही उणे होत नाही. बासमतीचे पैसे आपण लांब दाण्यासाठी मोजतो, म्हणून बासमती मोडला की त्याचे मोल जाते. इंद्रायणीचे पैसे आपण वासासाठी आणि मऊपणासाठी मोजतो आणि या दोन्ही गोष्टी कणीत शाबूत राहतात. आमच्याकडे कणी घ्यायची तर इंद्रायणीचीच, असे मी ठरवले ते याच कारणाने.

हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार केला व १९८७ साली तो प्रसारित झाला. आंबेमोहोराचा वास त्याच्यात त्या वंशातूनच आला आहे, आणि नेमकी येथेच गिऱ्हाइकाची फसगत होऊ शकते. अख्खा दाणा हातात घेतला तर आकारावरून थोडाफार अंदाज बांधता येतो, पण कणीत सगळे तुकडे सारखेच दिसतात. गेल्या वर्षी एका दुकानातून ‘आंबेमोहोर कणी’ असे छापलेली बंद पिशवी मी आणली होती. शिजवल्यावर तिला ना वास होता ना चिकटपणा, आणि निम्मे कण चावताना कडक लागत होते. यंदाच्या पेढीवर पोते उघडे होते, पाटीवर सरळ ‘इंद्रायणी कणी’ लिहिले होते आणि विक्रेत्याने मूठभर कणी तळहातावर चोळून मला हुंगायला दिली. तळहाताच्या उबेने वास लगेच वर आला. कणी सुटीच घ्यावी आणि चोळून, हुंगून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

घरी आणल्यावर पहिले काम चाळण्याचे. पिठाच्या चाळणीने सगळी कणी चाळली तेव्हा खाली दीडशे ग्रॅमच्या आसपास भुकटी पडली आणि निवडताना तीन बारीक खडे सापडले. धुताना तिच्यावर नेहमीच्या तांदळासारखे पाणी ओतून हाताने निथळू नये, कारण कण पाण्याबरोबर वाहून जातात. बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन दोनदा धुतली की पुरते. पावसाळ्यात कणीला अख्ख्या तांदळापेक्षा लवकर कीड लागते आणि तिला चिकटलेल्या कोंड्यामुळे खवट वासही येऊ लागतो. मी निम्मी कणी डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवली आणि निम्मी फ्रीजमध्ये. डब्यातल्या कणीत सहाव्या आठवड्यात दोन-चार टोके दिसले. फ्रीजमधली शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून दहा-पंधरा किलो घेऊन ठेवण्याचा मोह टाळावा.

तिचे खरे काम गुरगुट्या भाताचे. एक वाटी कणी वीस मिनिटे भिजवून चार वाट्या पाण्यात, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप घालून मंद आचेवर ठेवली की बारा मिनिटांत भात असा होतो की पळीने घोटावाही लागत नाही, कारण मोडलेल्या कडांतून पिठूळपणा आपोआप पाण्यात उतरतो. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत आणि रात्री त्यांना हाच भात मेतकूट, तूप आणि लिंबाच्या लोणच्याच्या खारासोबत लागतो. पूर्वी त्यासाठी मी अख्खा इंद्रायणी जादा शिट्ट्या देऊन मोडत असे, म्हणजे जास्त पैसे देऊन आणलेला अख्खा दाणा जादा गॅस जाळून मोडत असे. कुकरमध्ये करायचा तर भांडे निम्म्याहून जास्त भरू नये, नाहीतर फेस शिट्टीतून बाहेर येतो.

संध्याकाळी उशिरा मंडईत गेले की उरलेली भाजी स्वस्त मिळते आणि तिलाही कणी फार उपयोगी पडते. फ्लॉवरचे कोवळे देठ, दुधीचा उरलेला तुकडा आणि मूठभर मुगाची डाळ कणीसोबत शिजवून वरून लसणाची फोडणी दिली की जेवण होते. आदल्या दिवशीची मटकीची उसळ उरली असेल तर तीही यातच घालावी. उसळीतला मसाला पुरतो, वेगळे काही लागत नाही.

उणी बाजू स्पष्ट सांगायला हवी. फोडणीचा भात करायचा असेल तर कणीचा उरलेला भात चालत नाही. कढईत तो सुटा न होता गोळा होतो. मसालेभातालाही ती घेऊ नये. मात्र तो गोळाच थालीपिठाला हवा असतो. दोन वाट्या उरलेल्या घट्ट भातात एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ आणि तीळ घालून मळावे. भाताचाच ओलावा पुरतो, पाण्याचा हात फक्त थापताना लावावा. ओल्या फडक्यावर थापून, भोके पाडून, भोकांत तेल सोडून झाकण ठेवले की कडा आधी तांबूस होतात आणि झाकण काढल्यावर खरपूस भाताचा वास येतो. नुसत्या भाजणीच्या थालीपिठापेक्षा हे आतून मऊ राहते आणि डब्यात दुपारपर्यंत वातड होत नाही.

उरलेल्या भाताबाबत एक काळजी मी कसोशीने घेते. भातात असे जिवाणू असू शकतात की ज्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात. तेव्हा तयार होणारे विष पुन्हा तापवूनही जाईलच असे नाही. मऊ भात पातेल्यात दाट बसत असल्याने लवकर निवत नाही, म्हणून तो ताटात पसरून निववते, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी संपवते.

आंबोळीसाठीही ही कणी वापरून पाहिली : तीन वाट्या कणी, एक वाटी उडदाची डाळ, चमचाभर मेथ्या आणि वाटताना मूठभर उरलेला भात. पीठ रात्रभरात छान फुगले, जाळी चांगली पडली आणि भिजवण्याचा वेळही निम्म्यावर आला. आमच्याकडे आंबोळीला आतापर्यंत रेशनचा जाड तांदूळ घेत असू. त्याच्या आंबोळ्या जरा जास्त कुरकुरीत होतात हे खरे, पण इंद्रायणीच्या कणीची आंबोळी काळ्या वाटाण्याच्या उसळीत बुडवली की जो मऊपणा लागतो तो जाड तांदळाला येत नाही.

सासरे या भाताला विदुराघरच्या कण्या म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात. ऑगस्टच्या सुरुवातीला मी त्याच पेढीवर पुन्हा गेले, कणी तळहातावर चोळून हुंगली आणि या वेळी पाचऐवजी तीनच किलो घेतली, कारण फ्रीजमध्ये तेवढीच मावते.