सँटोरिनी की ऱ्होड्स: क्रूझ दोन्हीकडे थांबणार नसेल तर

ग्रीसची तीन-चार दिवसांची क्रूझ ठरवताना बहुतेकांचं इथेच अडतं. एका जहाजाच्या यादीत संध्याकाळपुरतं सँटोरिनी, दुसऱ्याच्या यादीत जवळजवळ पूर्ण दिवसाचं ऱ्होड्स. दोन्ही मिळाली तर उत्तमच, पण तारखा आणि बजेट जुळवताना एकावर पाणी सोडावं लागतं. आम्ही दोन्ही बेटं आई-बाबांना घेऊन पाहिली. त्यामुळे माझं मत थोडं त्यांच्या गुडघ्यांच्या बाजूचं आहे, हे लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

देखाव्यात सँटोरिनीला तोड नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकानंतर उरलेल्या काल्डेऱ्यात, म्हणजे समुद्राने भरलेल्या ज्वालामुखीच्या विवरात, जहाज शिरतं, तेव्हा सगळे आपोआप डेकवर येतात. काळे, तांबडे, राखाडी थर असलेला सरळसोट कडा आणि माथ्यावर पांढरी गावं. बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

घोडं अडतं ते उतरण्यापाशी. मोठ्या जहाजांना लागायला इथे धक्का नाही. जहाज काल्डेऱ्यात थांबतं आणि छोट्या बोटी तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी, जुन्या बंदरावर सोडतात. फिरा हे मुख्य गाव तिथून दोनशेहून अधिक मीटर उंचावर. वर जायला केबल कार, खेचरं किंवा जवळजवळ 600 पायऱ्या. केबल कारच्या एका खेपेत 6 डबे, प्रत्येकात 6 माणसं. प्रवास तीनेक मिनिटांचा, पण काल्डेऱ्यात दोन-तीन जहाजं उभी असली की त्या 36 जागांसाठी हजारो माणसं असतात.

जाताना एक वेळ ठीक असतं, उत्साह असतो. परतीचं मात्र अवघड. सूर्य बुडाला की सगळ्यांना एकदमच खाली जायचं असतं. रांग स्टेशनातून बाहेर पडून गल्लीत, सोन्याच्या दुकानांसमोरून वळत मागे जाते. आई त्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. दर दोन मिनिटांनी शेवटची बोट किती वाजता, हे विचारत होती. ज्या काल्डेऱ्यासाठी आलो, त्याच्याकडे तिची पाठ होती. पायऱ्यांनी उतरावं, तर दगड गुळगुळीत झालेले, त्यावर लीद आणि समोरून खेचरांचा तांडा. 2018 पासून त्यांच्यावर 100 किलोहून जास्त भार घालायला कायद्याने बंदी आहे, पण उन्हातली ती जनावरं पाहून आम्हाला तरी बसवलं नाही. जहाजाची सहल घेतलेल्यांना बहुधा आधी अथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेतात. त्यांची चढण वाचते, पण परतीची रांग बहुतेक वेळा त्यांनाही चुकत नाही.

ऱ्होड्सला हे काहीच नाही. जहाज धक्क्याला लागतं आणि समोरच तटबंदी. शिडी उतरून रमतगमत चाललं तरी थोड्याच वेळात तुम्ही वेशीतून आत असता. हॉस्पिटलर सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाने, 1309 ते 1522 इथे राज्य केलं, मग ऑटोमन सुलतान सुलेमानच्या वेढ्यापुढे ते हरले आणि पुढे माल्टाला गेले. त्यांचा गोटे बसवलेला रस्ता, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या भाषिक गटांच्या सरदारांची निवासस्थानं, वर त्यांच्या प्रमुखाचा, ग्रँड मास्टरचा राजवाडा. राजवाडा आज दिसतो तो मुख्यतः इटालियनांनी विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे, मूळचा 1856 च्या स्फोटात उद्ध्वस्त झाला. कोरडा खंदक मला सगळ्यात आवडला. आत उतरून चालता येतं, दगडी तोफगोळे अजून पडलेले आहेत, दोन्हीकडे भिंती आणि मध्ये शांतता. किल्ल्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला बुरूज कुठून मारा करत असेल, हे कोणी सांगावं लागत नाही. आई दमली तेव्हा एका चौकात झाडाखाली बसली, बाबा जहाजावर जाऊन झोप काढून परत आले. सँटोरिनीत हे सुचलंही नसतं.

याच बेटावरच्या लिंडोस गावासाठी मात्र दिवस खर्चू नका, असं मी म्हणेन. तिथलं अक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरचा प्राचीन बालेकिल्ला, सुंदर आहे, पण 50 किलोमीटर जायचं आणि वर उन्हात पुन्हा चढण.

शाकाहाऱ्यांचं दोन्हीकडे भागतं. सँटोरिनीचा फावा आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातला, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घातलेल्या घट्ट वरणासारखा लागतो. ऱ्होड्सला हरभऱ्याचे वडे मिळतात, पिटारूडिया म्हणून. खर्चात एक फरक आहे. जुलै 2025 पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर कर लावला आहे. जून ते सप्टेंबर सँटोरिनीला माणशी 20 युरो, ऱ्होड्सला 5.

नवं लग्न झालेलं असेल, पाय धड असतील, तर सँटोरिनी सोडा असं मी कसं म्हणू? पण मग अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरीबोटीने जा आणि दोन रात्री राहा. जहाजं गेल्यावरचं फिरा वेगळंच गाव असतं, तो कडा सकाळी निवांत बघण्याचा आहे. क्रूझच्या मोजक्या तासांत बसणारं गाव ऱ्होड्स आहे. घरातली मोठी माणसं बरोबर असतील, तर ऱ्होड्सला थांबणारं जहाज घ्या, केबिन बिनखिडकीची मिळाली तरी चालेल.