३० लिटरचा ओटीजी, एक अख्खा हिवाळा वापरून: नॉबवरचा आकडा आणि आतलं तापमान

नॉब १८० वर होता आणि आत ठेवलेला थर्मामीटर २१५ दाखवत होता. मी हा अनुभव लिहायला बसले ती या ३५ अंशांमुळे. लिटर, वॅट, रोटिसरीचा (फिरवत भाजायचा) दांडा हे सगळं तुम्ही जाहिरातीत वाचलंच असेल. माझा ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल), म्हणजे भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, मधल्या किमतीचा, १५०० वॅटचा. दिवाळीआधी घेतला, आता थंडी ओसरली आहे आणि मधल्या काळात तो आठवड्यातले बहुतेक दिवस तापला आहे. कोणत्या कंपनीचा हे सांगत नाही. या किमतीच्या बहुतेक ओव्हनमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, साधाच असतो, त्यामुळे पुढचं बरंचसं तुमच्याही ओव्हनला लागू पडेल.

निवृत्तीनंतरचा माझा हा पहिला हिवाळा. शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. सकाळच्या सत्रामुळे नाशिकची थंडी म्हणजे अंधारात डबा भरणं आणि गार स्कूटर सुरू करणं, एवढीच माझ्या वाट्याला यायची. यंदा पेपरात निफाडच्या पाऱ्याची बातमी वाचून निवांत दुसरा चहा घेता आला. दुपारी काहीतरी भाजायचं, संध्याकाळी विणायला बसायचं आणि संक्रांतीला नातवाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने घरी करायचे, असं वर्षभर आधीच ठरवलं होतं. तिन्ही मनासारखं झालं. पण नॉबने पहिले काही आठवडे फार मनस्ताप दिला.

सुरुवात नानकटाईपासून. माझ्या लहानपणी तूप, पिठीसाखर, मैदा असं सगळं सामान घेऊन आई बेकरीत जायची आणि ट्रे भाजून होईपर्यंत आम्ही भावंडं तिथल्या बाकावर बसून राहायचो. घरी आल्यावर पत्र्याच्या डब्यात कागद घालून नानकटाई भरायची. ती चव मला स्वतःच्या स्वयंपाकघरात हवी होती. इतकी वर्षं केक कढईत मीठ तापवून किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये केले. चांगले व्हायचे, पण नानकटाईला वरून आणि खालून सारखी आच लागते, ती कढईत मिळत नाही.

पुस्तिकेप्रमाणे दहा मिनिटं ओव्हन तापवला, ओव्हनवरचा तापण्याचा दिवा विझल्यावर ट्रे आत सरकवला. नानकटाई खालून काळपट, वरून तपकिरी आणि मधे कच्चट. चांगलं साजूक तूप, ताजी वेलची, वरून जायफळ, सगळं वाया. दुसऱ्या वेळी नॉब १६० वर ठेवला, तरी तेच. मग साखरेची परीक्षा केली. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत दोन चमचे साखर घालून नॉब १७५ वर ठेवला, तर पंधरा मिनिटांनंतरही दाणे कोरडे राहायला हवेत. माझ्या वाटीत पाक झाला आणि कडेने तांबूस व्हायला लागला. त्याच दिवशी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मागवला. चार-पाचशे रुपयांची ही वस्तू ओव्हनसोबतच मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हे का होतं ते सांगते, कारण दुकानदार सांगत नाही. आतला थर्मोस्टॅट म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. गार झाली की सरळ होते, वीज पुन्हा जोडली जाते. तत्त्व उत्तम आहे, मी ते वर्गात दरवर्षी फळ्यावर काढायचे. पण माझ्या ओव्हनमध्ये ही पट्टी नॉबच्या मागे, भट्टीच्या पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला आहे. कॉइल लालभडक होतात, आतली हवा तापते, आणि पत्र्यातून ही खबर पट्टीपर्यंत पोचेतो आतलं तापमान बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणजे दिवा पहिल्यांदा जातो तेव्हा ओव्हन सगळ्यात जास्त गरम असतो, आणि पुस्तिका नेमकं तेव्हाच ट्रे ठेवा म्हणते.

एवढं असतं तर तक्रार केली नसती. पण माझ्याकडे अर्ध्या तासानंतरही आकडा १९५ ते २१० मधेच घुटमळायचा. नॉब १८० वर असताना हे चालणार नाही. वॉरंटी होती, फोन लावला.

पहिला मुलगा आला, त्याने दार उघडून हात आत धरला. "काकू, हीट तर मस्त येतेय."

"येतेय हे मलाही कळतंय. किती येतेय ते मोजून दाखवा."

"मोजायचं मीटर आमच्याकडे नसतं काकू. कंपनी सेटिंग आहे ते. ओटीपी सांगा, कॉल बंद करतो."

मी ओटीपी दिला नाही. त्याच्या हातात नव्हतं हे दिसत होतं, म्हणून त्याला चहा दिला, पण ओटीपी दिला नाही. तुमच्यावरही ही वेळ आली तर लक्षात ठेवा: ओटीपी दिला की त्यांच्या नोंदीत तक्रार मिटली. पुन्हा पहिल्यापासून फोन, पुन्हा वाट पाहणं. तरी संध्याकाळी "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा संदेश आलाच. मग मी थर्मामीटरचे फोटो काढले, शेजारी घड्याळ आणि नॉब दिसेल असे, दर पाच मिनिटांचे, आणि तक्ता करून ईमेल केला. रीतसर मोजलेल्या आकड्यांवर वाद घालणं अवघड असतं. दुसरे गृहस्थ आले ते वयाने मोठे, सोबत तारेचं मीटर घेऊन. त्यांनी तार आत सोडली, दोनदा मोजलं, मान हलवली आणि थर्मोस्टॅट बदलून दिला. पैसे लागले नाहीत. जाताना म्हणाले, "मॅडम, लोक ओव्हनला नावं ठेवतात, पण मोजत कुणी नाही."

त्या दिवसापर्यंत मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा ओव्हन घेऊ नका असं सांगत होते. नवीन थर्मोस्टॅट बसल्यावर मत बदललं. पहिली उसळी अजूनही आहे, २०० पर्यंत जाते. पण दिवा एकदा जाऊन पुन्हा लागला आणि दुसऱ्यांदा गेला की तापमान १७० ते १८५ मधे स्थिरावतं. घरच्या भाजण्याला एवढं पुरेसं आहे. म्हणून माझा नियम: ट्रे आत जाईल तो दुसऱ्यांदा दिवा गेल्यावरच. वीस-पंचवीस मिनिटं आधी लावावा लागतो, विजेचा थोडा खर्च होतो. तरी कॉइल सतत चालू नसल्यामुळे तासाभराच्या कामाला साधारण एक युनिटच्या आसपास जातं. जळालेल्या तुपाच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

त्यानंतरची नानकटाई आईच्या डब्यातली होती. नॉब १६० वर, अठरा ते वीस मिनिटं, मैद्यात थोडं बेसन आणि चमचाभर रवा. बाहेर काढताना ती मऊच लागते, घाबरून पुन्हा आत ठेवू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते. थंडीचा यात मोठा हात आहे. तूप थिजलेलं, रवाळ असतं, फेटल्यावर हलकं होतं आणि ट्रेवर गोळे पसरत नाहीत. काळ्या ट्रेपेक्षा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रे वापरा, खालून करपत नाही.

पावाचं उलटं. नाशिकच्या जानेवारीत यीस्टची कणीक ओट्यावर तशीच बसून राहते. इथे ओव्हनने मला फार आनंद दिला. एखादं मिनिट तापवायचा, बंद करायचा, आत गरम पाण्याची वाटी ठेवायची आणि झाकलेलं भांडं सरकवायचं. दार लावलं की छान उबारा धरतो आणि तासा-दीड तासात कणीक दुप्पट फुगते. फक्त जास्त तापवू नका, साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. पहिला पाव कापला तेव्हा यांनी नुसता लोणी लावून चार तुकडे खाल्ले आणि आता दर रविवारी विचारतात.

विणकाम या सगळ्यात कुठे बसतं, तर ओव्हनच्या शेजारी. टायमरची एकच बारीक टिंग वाजते, बाहेरच्या खोलीत ऐकूच येत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून विणत बसायला लागले. नातवाच्या स्वेटरची पाठ, दोन्ही बाह्या आणि बॉर्डर तिथेच झाली. सुलट ओळ, उलट ओळ, मान वर करून काचेतून बघायचं, पुन्हा ओळ. शाळेच्या वर्षांत एक टोपडं पुरं व्हायला अख्खी थंडी जायची. यंदा स्वेटर झाला, मोजे झाले आणि उरलेल्या गुंड्यांतून यांची मफलरही झाली. सुया मात्र बांबूच्या घ्या. ॲल्युमिनियमच्या सुया पहाटे बोटांतली ऊब ओढून घेतात, बांबूच्या घेत नाहीत.

संक्रांतीचा हलवा गॅसवरच केला, त्यात ओव्हनचं काम नाही. जाड बुडाच्या परातीत तीळ, मंद आच, चमचाभर पाक सोडायचा आणि हाताने हलवत राहायचं. पहाटेच्या गारठ्यात काटा सुंदर येतो हे आई सांगायची ते खरं आहे. मी तीळ, खसखस आणि साबुदाणा असे तीन आकार केले. तयार हलवा मात्र रात्री बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये ठेवला, त्याने तो कोरडा राहिला आणि दागिने ओवताना काटा झडला नाही. मुकुट, बाजूबंद, हार आणि बासरी. काळ्या झबल्यावर ते पांढरेशुभ्र दागिने घालून बाळ पाटावर बसला, तेव्हा सुनेने मला मिठीच मारली. बाजारात हे सगळं तयार मिळतं आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर घ्यावं. मला वेळ होता, आणि तो असाच खर्च करायचा होता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वायर आखूड आहे. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, त्यामुळे साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, सोळाचं सॉकेट ओट्याजवळ आहे का ते घेण्याआधी बघा. एक्स्टेन्शन बोर्डवर तर नकोच. चुऱ्याचा ट्रे निघतो, साफ करायला सोपा. रोटिसरी मी वापरली नाही, आमच्याकडे त्याचं काम नाही. दाराची स्प्रिंग अजून घट्ट आहे. पहिल्या आठवड्यात एक चांदणी दिली असती. आज चार देते. पाचवी मी नॉबसाठी राखून ठेवली आहे, आणि पुस्तिकेतल्या त्या दहा मिनिटांच्या सूचनेसाठी.

एक शेवटचं, विणणाऱ्यांसाठी. ओव्हनसोबत ट्रे उचलायचा चिमटा येतो, तो भरलेल्या ट्रेला पुरत नाही, म्हणून हातात धरायचे रुमाल घरीच विणा. पण बाजारात फोर प्लाय म्हणून मिळते ती लोकर बहुतेक ॲक्रिलिक असते. ती स्वेटरला चालते, गरम ट्रेला मुळीच नाही, वितळून हाताला चिकटेल. जाड सुती दोरा घ्या, आठ नंबरच्या सुयांवर चाळीस टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. ऐंशी ओळींत चौकोन होतो. असे दोन चौकोन एकमेकांवर शिवून दुहेरी करा. धुतल्यावर खडखडीत वाळल्याशिवाय मात्र वापरू नका, ओल्या सुतातून चटका लगेच हाताला लागतो.