मायक्रोकफ ट्यूब: उत्तम आहे, पण दाब मोजणार असाल तरच

भूल दिलेल्या रुग्णाला श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत ट्यूब घालतात. कफ म्हणजे तिच्याभोवती फुगवायचा फुगा, तो हवेची गळती थांबवतो. आठ वर्षांखालच्या मुलाला बिनकफची ट्यूब घालायची, हा भूलशास्त्रातला नियम कित्येक वर्षं चालत आला. त्यामागचा विचार असा: लहान मुलाचं स्वरयंत्र नरसाळ्यासारखं असतं, क्रिकॉइडच्या (स्वरतंतूंच्या खालच्या कूर्चेच्या) कड्यापाशी ते सगळ्यात अरुंद होतं, म्हणजे ट्यूब तिथे आपोआप घट्ट बसेल आणि कफची गरज पडणार नाही. पण ते कडं आतून अगदी गोल नसतं, थोडं लंबगोल असतं. गोल ट्यूब दोन्ही बाजूंना अस्तर दाबते आणि पुढून-मागून हवा गळू देते. त्यामुळे गळती ऐकू आली म्हणजे ट्यूब सैल आहे, हा हिशेब फसवा ठरतो.

मायक्रोकफ ही लहान मुलांसाठीची कफ असलेली ट्यूब. तिची रचना नेमक्या याच अडचणीवर बेतलेली आहे. कफ पॉलियुरेथेनचा, जाडी फक्त 10 मायक्रॉन. नेहमीचा पीव्हीसी प्लास्टिकचा कफ याच्या कितीतरी पट जाड असतो. तो श्वासनलिकेत फुगला की त्याला चुण्या पडतात आणि चुण्यांमधून बारीक पन्हळी राहतात, त्यातून हवा आणि लाळ झिरपते. इथे पापुद्रा इतका पातळ आहे की घड्या एकमेकींवर चपट्या बसतात, पन्हळ उरतच नाही. म्हणून साधारण 10 सेमी पाण्याच्या दाबालाच बहुतेक मुलांत गळती थांबते. कफ आखूड आहे आणि ट्यूबच्या टोकाजवळ बसवलाय. त्यासाठी टोकाजवळचं, नळीच्या बाजूला असणारं मर्फीचं छिद्र काढून टाकलंय. या अदलाबदलीची किंमत लक्षात ठेवावी: टोक श्वासनलिकेच्या भिंतीला टेकलं किंवा स्रावाने बुजलं, तर हवेला दुसरी वाट नाही.

मापं (नळीचा आतला व्यास, मिमीमध्ये) अशी: 3 किलोच्या वर आणि 8 महिन्यांखाली 3.0, 8 महिने ते 2 वर्षांखाली 3.5, 2 ते 4 वर्षांखाली 4.0. पुढे वयाला 4 ने भागून 3.5 मिळवायचे. 3 किलोखालच्या बाळाला ही ट्यूब नको. 3.0 ची नळी आतून अरुंदच, त्यातून सक्शन कॅथेटर (स्राव ओढून घेण्याची बारीक नळी) 6 फ्रेंच मापाचाच जातो, आणि थोडासा चिकट स्राव साचला तरी श्वासाचा रोध झपाट्याने वाढतो.

घालण्याआधी कफ फुगवून पाहा, मग सिरिंजने सगळी हवा ओढून घ्या. अर्धवट फुगलेला कफ स्वरतंतूंपाशी अडकतो. ट्यूबवरची काळी खूण स्वरतंतूंच्या रेषेत आली की थांबायचं. खूण तिथे असली की कफ क्रिकॉइडच्या खाली राहतो. मग कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) आणि दोन्ही काखांत स्टेथोस्कोप. त्यानंतरची एक पायरी घाईत हमखास गाळली जाते: कफ रिकामा असताना सर्किटमध्ये (भूलयंत्राच्या श्वासाच्या नळ्यांत) 20 सेमी पाण्याचा दाब देऊन गळती ऐकायची. गळती नाहीच, तर ट्यूब मोठी आहे. अर्ध्या मापाने लहान घ्या.

आता कफ फुगवायचा तो मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) जोडूनच. गळती थांबेल तेवढाच दाब, आणि कितीही झालं तरी 20 सेमीच्या वर नाही. पायलट बलून (कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) बोटांनी दाबून 'ठीक वाटतोय' म्हणणं याला मोजणं म्हणत नाहीत. बाळाच्या कफात मिलिलीटरचा एखादा अंश जास्त गेला तरी दाब दुप्पट होऊ शकतो आणि बोटाला तो फरक कळत नाही. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरत असाल तर तो कफात शिरून दाब वाढवत राहतो, म्हणून दर 10-15 मिनिटांनी पुन्हा बघा. दाब फार वाढला की अस्तराचा रक्तपुरवठा थांबतो. सूज येते, आणि नळी काढल्यावर श्वास घेताना घरघर ऐकू येते ती यामुळेही.

दाब सांभाळला तर काय मिळतं, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 24 केंद्रांच्या अभ्यासात दिसलं. जन्मापासून 5 वर्षांपर्यंतची 2,246 मुलं होती. नळी काढल्यावरची घरघर कफच्या ट्यूबने 4.4 टक्के, बिनकफच्या ट्यूबने 4.7 टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाही. पण माप चुकल्याने ट्यूब बदलावी लागली ती बिनकफच्या गटात 30.8 टक्के मुलांत, आणि कफच्या गटात फक्त 2.1 टक्के. इवल्याशा स्वरयंत्रातून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नळी घालणं हीच खरी इजा, असं आमचं ठाम मत आहे. शिवाय गळती नसल्याने ताज्या वायूचा प्रवाह कमी ठेवता येतो, कॅप्नोग्राफचा आलेख खरा येतो आणि पोट फुगवून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही श्वास नीट देता येतो.

कच्चा दुवा म्हणजे तोच पातळ पापुद्रा. नाकातून ट्यूब घालताना मॅगिलच्या चिमट्याने (घशात ट्यूबला दिशा देणाऱ्या वाकड्या चिमट्याने) कफ धरला की तो फाटलाच समजा. चिमटा कफच्या वर, नळीवर लावा. मूल टेबलावर ठेवल्यावर मानेची हालचालही विसरू नका. मान पुढे वाकली की टोक खाली सरकून उजव्या फुप्फुसात जाऊ शकतं. टॉन्सिलसाठी मान मागे टाकली की ते वर येतं. म्हणून अंतिम स्थिती दिल्यावर दोन्ही बाजू पुन्हा ऐका आणि कफचा दाब पुन्हा मोजा.

मॅनोमीटर नसलेल्या शस्त्रक्रियागृहासाठी ही ट्यूब मागवू नका. आधी मॅनोमीटर घ्या.