माल चोख, पाटी पुसट: नाशिकमधून पाहिलेली आयटीआय

दहावीचा निकाल लागला की कॉलेजरोडपासून द्वारकेपर्यंत प्रवेशाचे फलक झळकू लागतात. अकरावी सायन्स, नीट, जेईई, डिप्लोमा. या गर्दीत आयटीआयचा फलक क्वचितच दिसतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत बेंचवर, लेथवर आणि मेंटेनन्सला जे हात लागतात, ते मात्र बरेचसे आयटीआयमधूनच येतात. शासकीय आयटीआय तर त्र्यंबक रस्त्यावर, सातपूरच्या कारखान्यांच्या उशाशी आहे. तरीही बहुतेक पालक तिच्या दारात शेवटी येतात, बाकी सगळीकडे नकार मिळाल्यावर.

म्हणून हे परीक्षण आयटीआयच्या अभ्यासक्रमाचं, एक सेवा म्हणून. कोण्या एका संस्थेचा पंचनामा इथे नाही. योजना काय देते, कुठे अडकते आणि स्वतःला लोकांपुढे कशी मांडते, एवढंच पाहायचं आहे. गुण आधीच देऊन टाकतो: प्रशिक्षणाच्या आराखड्याला पाचपैकी चार, प्रवेशप्रक्रियेला तीन, स्वतःची ओळख करून देण्याला एक.

आधी मालाबद्दल. आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि तिचे ट्रेड, म्हणजे व्यवसाय, देशभर एकाच अभ्यासक्रमाने शिकवले जातात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालवणं आणि प्रोग्रॅमिंग) एक वर्षाचे. बहुतेकांना दहावी पास लागते, वेल्डर आणि वायरमनसारख्या काहींना आठवी पास पुरते. फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा वेल्डरची तुकडी वीस जणांची असते. वीस मुलं आणि एक निदेशक हे प्रमाण अकरावीच्या वर्गाशी ताडून बघा.

फिटरचं पहिलं वर्ष बाहेरून कंटाळवाणं वाटतं. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आणि हातात कानस, आठवडेच्या आठवडे. पण खरी किंमत तिथेच आहे. नवशिक्या मुलगा कानस मारतो तेव्हा पृष्ठभाग मधे फुगीर आणि कडांना उतरता होतो, कारण झोक्यात दोन्ही हातांचा दाब सारखाच राहतो आणि कानस डोलते. स्ट्रोकच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, शेवटी मागच्या हाताचा, आणि परत येताना दाब नाही, हे अंगात भिनायला वेळ लागतो. दातांत कीस अडकला की पृष्ठभागावर खोल ओरखडे उठतात. त्यासाठी कानशीला खडू चोळायचा आणि तारेच्या ब्रशने दात साफ करायचे. मग सरफेस प्लेटवर निळा रंग लावून उंचवटे शोधायचे, गुण्या लावून उजेडाकडे धरायचं आणि फटीतून प्रकाश येतो का ते पाहायचं. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. अभ्यासक्रम पुढे सरकतो तसं एकात एक बसणाऱ्या जोडांसाठी ०.०४ मिलिमीटरपर्यंत यावं लागतं. व्हर्नियर कॅलिपर ०.०२ पर्यंत वाचतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. हाताने घासून मायक्रोमीटरला पटेल असं माप काढणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

आटे पाडण्याचं उदाहरण घ्या, कारण तिथे शिकवणीचा दर्जा लगेच उघडा पडतो. एम १० चे (दहा मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे) दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले, आटे हवे असतील तर भोक ८.५ मिलिमीटरचं, हिशोब सरळ आहे, दहातून पिच वजा. एम ८ ला ६.८. एम १० ला साडेआठऐवजी आठचंच भोक पाडलं की टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, जड जातो आणि तुटतो. भोकात टॅप काटकोनात उभा नसला तरी तुटतो. तेल नसलं, किंवा अर्धा फेरा पुढे नेल्यावर पाव फेरा मागे घेऊन कीस तोडला नाही, तरी तुटतो. आणि आत तुटलेला टॅप काढणं हे आटे पाडण्यापेक्षा दहापट कटकटीचं काम. चांगल्या संस्थेत निदेशक ही कारणं मुलाच्या तोंडून वदवून घेतात. वाईट संस्थेत टॅप कुलूपबंद कपाटात असतो, कारण तुटला तर हिशोब कोण देणार.

वेल्डर ट्रेड सगळ्यांत कमी लेखला जातो आणि आमच्या मते नाशिकसाठी तोच सर्वांत चांगला सौदा आहे. एक वर्षात सपाट, आडव्या, उभ्या आणि डोक्यावरच्या स्थितीत वेल्डिंग करायला मिळतं, गॅस कटिंग येतं, मिग-टिगची (वायूच्या आवरणातल्या वेल्डिंगची) ओळख होते. इथल्या पावसात एक गोष्ट आवर्जून तपासा: रॉड कुठे ठेवतात. जुलै-ऑगस्टची ओल शोषलेल्या रॉडने वेल्ड केलं की मण्यात, म्हणजे जोडाच्या पट्टीत, छिद्रं पडतात, ठिणग्या उडतात आणि कमी हायड्रोजनच्या रॉडच्या बाबतीत तर थंड झाल्यावर भेग जाते. साधे ६०१३ चे रॉड शंभर अंशांच्या आसपास तासभर सुकवले तरी भागतं. ७०१८ ला, म्हणजे कमी हायड्रोजनच्या रॉडला, साधारण तीनशे ते साडेतीनशे अंशांवर भाजावं लागतं. कार्यशाळेत रॉड ओव्हन चालू आहे की नुसता शोभेला, यावरून बाकीच्या शिस्तीचा अंदाज येतो.

याच धर्तीवर कुठलीही आयटीआय तासाभरात जोखता येते. इमारत बघू नका, कार्यशाळेत उभे राहा. लेथ किती आहेत यापेक्षा त्यातले किती फिरतायत ते मोजा. चकवर गंज आणि बेडवर जुनाच कीस असेल तर यंत्र फक्त यादीत आहे. मुलांनी केलेले जॉब मागून घ्या. त्यावर नाव, तारीख आणि मोजलेलं माप असेल तर मूल्यमापन खरं होतंय. ट्रेडच्या निदेशकाची जागा भरलेली आहे का, की दुसऱ्याच ट्रेडचा माणूस वेळ मारून नेतोय, हे विचारायला लाजू नका. खासगी आयटीआयमध्ये शुल्क बरंच जास्त असतं, त्यामुळे तिथे कच्चा माल, म्हणजे लोखंड, रॉड, ब्लेड, मुलाने स्वतः आणायचे का, हेही प्रवेशाआधीच विचारावं.

प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतो आणि इथे बरेच जण हकनाक अडकतात. ऑनलाइन अर्ज भरला, शुल्क भरलं, म्हणजे झालं असं समजून घरी बसतात. मूळ कागदपत्रं घेऊन आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित केल्याशिवाय तो गुणवत्ता यादीत येत नाही. त्यानंतरचा टप्पा पर्यायांचा. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला आणि घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाद व्हावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तोच ट्रेड आणि तीच संस्था टाका, जी मिळाली तर नक्की घ्यायची आहे. शेजारच्याने टाकली म्हणून टाकलेली इलेक्ट्रिशियनची सीट मग गळ्यात पडते. नियमित फेऱ्यांनंतर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी असते; कमी टक्केवाल्यांनी ती सोडू नये. अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळवा. पुढे प्रमाणपत्रावर तेच छापून येतं, आणि ते दुरुस्त करण्यात महिने जातात.

प्रवेशाला गुण कापले ते यासाठी की ही सगळी माहिती नियमपुस्तिकेत आहे, पण कार्यालयीन मराठीत आणि लांबलचक. इगतपुरी किंवा पेठच्या मुलाच्या वडिलांनी ती मोबाइलवर वाचून समजून घ्यावी अशी अपेक्षा ठेवणं हास्यास्पद आहे.

आता मुख्य तक्रारीकडे. आयटीआयची जनमानसातली किंमत कमी आहे याचा दोष लोकांवर ढकलून चालणार नाही. जो माल कुणी दाखवतच नाही तो लोक कशावरून ओळखणार? पालकाला संस्थेच्या दारात काय दिसतं? जुनी पाटी, सूचनाफलकावर परिपत्रकं, आणि ट्रेडची नावं, ज्यांचा अर्थ बाहेरच्याला लागत नाही. मशिनिस्ट आणि टर्नर यात फरक काय, हे कुठेही लिहिलेलं नसतं. (टर्नर लेथवर गोल फिरणारा जॉब घडवतो, मशिनिस्ट मिलिंग, ग्राइंडिंग वगैरे यंत्रांवर काम करतो. दोन वाक्यांचं काम आहे.)

माहिती मेळावे भरतात, पण निकालानंतर, जूनमध्ये. तोवर घराघरांत निर्णय झालेला असतो. नववी आणि दहावीच्या मुलांना डिसेंबर-जानेवारीत, कार्यशाळा चालू असताना बोलवायला हवं. सभागृहात बसवून भाषण ऐकवलं की मुलं पेंगतात. त्याऐवजी प्रत्येकाला दहा मिनिटं कानस द्या, व्हर्नियर हातात द्या, वेल्डिंगचा चाप (आर्क) काचेआडून बघू द्या. चष्मे आणि ॲप्रन आधी मोजून ठेवा, एका बेंचला चारच मुलं, आणि प्रत्येक बेंचवर एक प्रशिक्षणार्थी समजावून सांगणारा. फिटरच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा आपल्याच गावच्या नववीतल्या पोराला जे पटवून देईल ते प्राचार्यांच्या भाषणाने होणार नाही. पालकांना वेगळं, संध्याकाळी सहानंतर बोलवा. रोजंदारीवरचा माणूस सकाळी अकराला सुटी काढून येणार नाही.

आणि दारावर एक फलक हवा, दरवर्षी बदलणारा: कोणत्या ट्रेडला किती जागा, मागच्या वर्षी प्रवेश किती टक्क्यांवर थांबला, किती जण अंतिम परीक्षा पास झाले, किती जण कुठे अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) लागले आणि विद्यावेतन किती. ही माहिती संस्थेकडे असतेच. ती भिंतीवर लावायला निधीही लागत नाही. ज्या संस्थेचे आकडे लाजिरवाणे आहेत तिची पंचाईत होईल हे खरं, पण त्या पंचाईतीचा फायदा मुलांनाच आहे. यशस्वी माजी विद्यार्थ्याचा हार घातलेला फोटो लावणं सोपं असतं, मात्र त्यावरून बाकीच्या एकोणीस जणांचं काय झालं ते कळत नाही.

परीक्षेचे नियम पालकांनी आधीच ठाऊक करून घ्यावेत. ८० टक्के हजेरी नसेल तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही. पास होण्यासाठी प्रात्यक्षिकात ६० टक्के आणि लेखीत ३३ टक्के लागतात. लेखी परीक्षा संगणकावर असते. एमआयडीसीत अर्धवेळ कामाला लागून हजेरी घालवणारी मुलं दरवर्षी दिसतात. तयारीसाठी केंद्राच्या भारत स्किल्स संकेतस्थळावर ट्रेडनिहाय पुस्तकं आणि प्रश्नसंच फुकट आहेत. क्लासवाल्याला पैसे देण्याआधी ते उघडून बघा.

पुढची वाट बंद होते हा गैरसमजही प्रसिद्धीअभावी टिकून आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नोकरी करत पदवी घ्यायची तर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून.

उरली अप्रेंटिसशिप, आणि इथे सर्वांत जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आयटीआय पास झालेल्यासाठी २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरवलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून त्यातले २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, सरकार उचलतं. फिटरला साधारण एक वर्ष काढावं लागतं आणि परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. सरकारी कारखान्यांच्या भरतीत हे प्रमाणपत्र अनेकदा मागतात.

फसगत अशी होते: ठेकेदार ‘ट्रेनी’ म्हणून घेतो, वर्षभर एकाच मशिनवर उभा करतो, आणि शेवटी हातात साधं अनुभवपत्र देतो. रुजू होतानाच विचारा, अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदवलाय का, आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय. क्रमांक नसेल तर ती अप्रेंटिसशिप नाही, स्वस्तातली मजुरी आहे. करारावर ट्रेडचं नाव आयटीआयच्या प्रमाणपत्राशी जुळतं का तेही बघा. फिटरला ‘ऑपरेटर’ म्हणून नोंदवलं की फिटरचं शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही. मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कायद्याने मालकावर नाही, त्यामुळे ‘नंतर पर्मनंट करू’ या तोंडी आश्वासनावर दुसरीकडची संधी सोडू नये. विद्यावेतन बँक खात्यात जमा होतंय ना, हे पहिल्याच महिन्यात पासबुकावर तपासावं आणि झालं नसेल तर आयटीआयमधल्या अप्रेंटिसशिप विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घेऊन.