दोन संघांची पॅक-१२ आणि ‘कॉलेज फुटबॉल २५’

ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ हा व्हिडिओ गेम मी ऑरेगन स्टेट हे कॉलेज घेऊनच खेळते. गेममध्ये १३४ कॉलेजं आहेत. जॉर्जिया, अलाबामा, ओहायो स्टेट असे दादा संघ आहेत, ते घेतले की पहिल्याच मोसमात कप मिळायची शक्यता. पण ऐरोलीच्या आमच्या ऑफिसचे क्लायंट पोर्टलँडचे, त्यातले बरेचसे ऑरेगन स्टेटमध्ये शिकलेले, आणि सोमवारचा कॉल कामावर येण्याआधी शनिवारच्या मॅचवर अडकलेला असतो. ऐकून ऐकून लळा लागला. भाचा ठाण्याहून शनिवारी घणसोलीला येतो तो याच गेमसाठी, मावशीसाठी नव्हे, हे मला माहीत आहे.

हा अमेरिकन फुटबॉल, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचा. २०१३ नंतर कॉलेज फुटबॉलचा गेमच निघाला नव्हता, कारण खेळाडूंचं रूप वापरायचं आणि त्यांना दमडी द्यायची नाही, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये हा आला तेव्हा नाव-चेहरा वापरू देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. ग्राफिक्स झकास, बँड आणि प्रेक्षकांचा गलका त्याहून झकास, कॉमेंट्री दहा-बारा मॅचनंतर पाठ होते. ‘अल्टिमेट टीम’ नावाचा मोड खिसा कापायला बसलाय, मी त्याच्या वाटेला जात नाही. माझा सगळा वेळ जातो ‘डायनॅस्टी’त. तिथे आपण प्रशिक्षक, आणि एकच कॉलेज तीस मोसमांपर्यंत चालवता येतं.

डायनॅस्टी सुरू करताना कॉन्फरन्सची यादी उघडा. बिग टेनमध्ये १८ संघ, एसीसीत १७, एसईसी आणि बिग १२ मध्ये प्रत्येकी १६. पॅक-१२ उघडली की दोन. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. बास.

कॉन्फरन्स म्हणजे ठरावीक कॉलेजांची आपसांतली लीग. मोसमातल्या बहुतेक मॅचेस तिच्यातच होतात, आणि टीव्हीचे हक्क सगळे मिळून विकतात. पॅक-१२ ही लीग काही कालपरवाची नाही. १९१५ मध्ये पोर्टलँडला चार कॉलेजांनी ती सुरू केली, ऑरेगन स्टेट त्या चारांतलं. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या भानगडींनंतर १९५९ मध्ये ती मोडली, पाच कॉलेजांनी लगेच नवी मांडली. पुढे आठ झाली, १९७८ मध्ये दहा, २०११ मध्ये बारा. ‘कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स’ ही तिची जाहिरात पोकळ नव्हती. राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं पाचशेच्या वर. बास्केटबॉलमध्ये लॉस एंजलिसच्या एकट्या यूसीएलएने १९६४ ते १९७५ या काळात दहा नेली. पोहणं, टेनिस, वॉटरपोलो, व्हॉलिबॉल, काहीही काढा, स्टॅनफर्ड वर असायचंच. पण तिथे पैसा फुटबॉलचा, आणि फुटबॉलमधलं शेवटचं राष्ट्रीय अजिंक्यपद यूएससीचं, २००४ च्या मोसमातलं. तेही नंतर काढून घेतलं.

शिवाय घड्याळ आडवं आलं. पश्चिम किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू होते तेव्हा न्यू यॉर्कात साडेदहा झालेले असतात. माणसं झोपायला निघालेली. आपल्याकडे मात्र रविवार सकाळचे आठ. घणसोलीत पोह्यांच्या बशीसमोर बसून मी जे बघू शकते ते न्यू यॉर्कमधल्या माणसाला डोळे ताणून बघावं लागतं, आणि क्रमवारी लावणारे, जाहिराती देणारे बरेचसे तिकडेच. २०१२ मध्ये कॉन्फरन्सने स्वतःच्या मालकीचं टीव्ही नेटवर्क काढलं. डायरेक्टीव्हीसारख्या मोठ्या सेवेवर ते शेवटपर्यंत आलंच नाही.

मग ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे निघाल्याचं जाहीर झालं. पुढच्या जुलैत कोलोरॅडोने काढता पाय घेतला. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच कॉलेजं गेली, त्यांत वॉशिंग्टन आणि ऑरेगन (ही ‘स्टेट’वाल्यांपेक्षा वेगळी कॉलेजं). महिन्याच्या आत स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॉलेज) सुद्धा गेली, कुठे, तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत! पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं. व्हॉलिबॉलच्या पोरींनी आता मॅचसाठी अख्खा देश ओलांडायचा, का, तर फुटबॉलचे हक्क विकायचेत. वाटण्या होऊन दहा भाऊ गेले, दोघंच वाड्यात राहिले, आणि कारभार कुणाचा यावर कोर्टात गेले. कोर्टाने कारभार त्या दोघांच्याच हाती ठेवला.

आणि हे सगळं कुठल्या मोसमात? २०२३ मध्ये कॉन्फरन्स फुटबॉलमध्ये कित्येक वर्षांत नव्हती इतकी तगडी होती. वॉशिंग्टनने लास व्हेगासच्या फायनलमध्ये ऑरेगनला ३४-३१ हरवलं, एकही मॅच न हरता राष्ट्रीय फायनल गाठली आणि तिथे मिशिगनकडून हरले. मिशिगन बिग टेनचं. पुढच्या मोसमापासून वॉशिंग्टनही.

गेम यातलं काय दाखवतो? पोरं गोळा करण्याचा भाग तर अप्रतिम दाखवतो. यादीत एका वेळी ३५ शाळकरी खेळाडू ठेवता येतात, आणि प्रत्येकावर आठवड्याचे मोजके तास खर्च करता येतात. कॉलेजला चौदा बाबतींत श्रेणी असते: मैदानावर किती वेळ मिळेल, घरापासून किती जवळ, अभ्यासात नाव काय, आणि कॉन्फरन्सची पत. लॉस एंजलिसकडचा एक रिसीव्हर (पास झेलणारा), पाचापैकी चार स्टारचा, गेमनेच घडवलेला, मला हवाच होता. त्याला महत्त्वाच्या तीन गोष्टींत कॉन्फरन्सची पत होती. बिग टेनवाल्यांच्या शेजारी माझी श्रेणी बघून मला कानकोंडं झालं. मी त्याला ‘पहिल्याच वर्षी खेळवीन’ हे विकत राहिले. आठवडेच्या आठवडे त्याचा कल दाखवणारी माझी पट्टी इंचभर सरकायची, पलीकडची हातभर. गेला तो. मी तेच तास तीन स्टारच्या दोघा दांडग्या लाइनमनवर (पुढच्या फळीतल्या अडवणाऱ्यांवर) लावले असते तर बरं झालं असतं, असं भाचा म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

मोसम संपला की ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचं दार, उघडतं आणि आपणच घडवलेली पोरं बॅगा भरतात. हे अगदी खरं आहे हो. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. ऑरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ तर त्याच कॉलेजचे माजी खेळाडू, तेही २०२३ चा मोसम संपताच मिशिगन स्टेटला गेले. लीग मोडते तेव्हा कागदावरची नावंच हलतात असं नाही.

एक मॅच सांगते. बॉयसी स्टेटच्या घरी, ते निळं मैदान. तिसरा प्रयत्न, अजून आठ यार्ड जायचंय. प्रेक्षक उठले की गेम नुसता आवाज वाढवत नाही. स्क्रीन हलायला लागते, कोणी कुठे धावायचं त्या रेषा नागमोडी होतात, रिसीव्हरच्या डोक्यावरची बटणांची चिन्हं कळेनाशी होतात. कंट्रोलर हातात थरथरतोय, मी आपला समजून ज्याला पास फेकला तो भलताच, आणि चेंडू गेला निळ्या मैदानावर निळ्याच कपड्यातल्या माणसाच्या हातात. ‘मावशी, टाइमआउट घ्यायचा ना!’ खालच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतली. गंमत म्हणजे गेम आल्यावर दोनच महिन्यांनी हेच बॉयसी स्टेट पॅक-१२ मध्ये येणार असं जाहीर झालं. सोबत सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट. मग यूटा स्टेट, टेक्सस स्टेट, आणि फुटबॉल न खेळणारं गोन्झागा. नवी मांडणी २०२६ च्या मोसमापासून.

डायनॅस्टीत कॉन्फरन्सची मोडतोड आपल्यालाही करता येते. मी आधी जुन्या बाराही कॉलेजांना ओढून परत आणलं. भाच्याच्या मते ही चीटिंग. मग खरी येणारी नवी लीग मांडली आणि ती जास्त आवडली. रिकाम्या गुरुवारांना मी आता तीच खेळते.

पण खोट इथेच दिसते. गेममध्ये जिंकत राहा, पत वाढत जाते, चांगली पोरं येतात, आणखी जिंकता. वॉशिंग्टन आणि ऑरेगन जिंकतच होते की! त्यांना हलवलं ते टीव्हीच्या कराराने, आणि गेममध्ये तो करार कुठेच नाही. संघ इकडून तिकडे ओढायला एक बटण दाबलं की झालं; कोणी हिशेब मागत नाही, शेजारचं कॉलेज रुसत नाही, विमानभाडं भरावं लागत नाही. प्रशिक्षक होणं हा गेम सुंदर शिकवतो, पण कॉन्फरन्स का टिकते किंवा का बुडते हे विचाराल तर तो मैदानापलीकडे बघतच नाही. पाचापैकी साडेतीन, आणि तो अर्धा बॉयसीच्या गोंगाटाचा.

घ्यायचा असेल तर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस हवाच, पीसीवर नाही. अमेरिकेत मूळ किंमत ७० डॉलर होती. आमची डिस्क भाच्याच्या बाबांनी तिथून येताना आणली. १३६ संघांचा ‘२६’ जुलै २०२५ मध्ये आला, तेव्हा जुन्या डिस्कसाठी पूर्ण पैसे मोजू नका. आणि पहिल्या फेरीत जॉर्जिया घेऊ नका. वॉशिंग्टन स्टेट घ्या, पोर्टल बघा.