ड्रॉ.आयओ डेस्कटॉप: पावसाळाभर वापरून झाल्यावर

कुडाळात बसून काजू कारखान्यांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. फ्लोचार्टसाठी, म्हणजे कामाचे टप्पे चौकटी आणि बाणांनी दाखवायला, आधी एक वर्गणीचं ऑनलाइन टूल होतं. जूनमध्ये वर्गणी संपली आणि माझेच चार्ट मला फक्त बघण्यापुरते उरले. एक बाण हलवायचा तरी आधी पैसे. तक्रार केली तर छापील उत्तर आणि डॉलरमधल्या प्लॅनची लिंक. त्यात पावसात लाइट गेली की मागोमाग नेटही जातं. शेवटी ड्रॉ.आयओची डेस्कटॉप आवृत्ती टाकली. फुकट, नेट नको, फाइल आपल्याच मशीनवर. प्रक्रियेचा आयत, निर्णयाचा हिरा ही चिन्हं आयएसओ ५८०७ या आंतरराष्ट्रीय मानकात १९८५ पासून ठरलेली आहेत. त्यांचं दरमहा भाडं का भरायचं?

पहिले काही आठवडे मन लागलं नाही. मेनू फार, साचे फार, त्यातले बहुतेक आपल्या कामाचे नाहीत. मत बदललं ते एका टिकमार्कने. चार्ट पीएनजी चित्र म्हणून एक्स्पोर्ट करताना त्यातच मूळ चार्टची प्रत ठेवण्याचा पर्याय आहे. मग तेच चित्र ड्रॉ.आयओत उघडलं की सगळे बाण पुन्हा हलवता येतात. मूळ फाइल वेगळी जपायला नको. मला विचाराल तर बाकी काही नसतं तरी एवढ्यासाठी मी हे वापरलं असतं. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, चित्र दाबून छोटं होतं आणि आतली प्रत जाते. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे फोन करून सांगतो.

खरा उपयोग वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका कारखान्यात झाला. बी वाफवणं, कटिंग, ड्रायर, सोलणं, ग्रेडिंग असा सरळ चार्ट मालकांनी सांगितला तसा काढला आणि प्रिंट सोलणाऱ्या बायकांपुढे ठेवली. त्यातल्या एक मावशी लगेच म्हणाल्या, "साल सुटना नाय तो माल परत ड्रायरात घालूक व्हयो, तो खंय दाखवलास?" तिथे हिरा आला, आणि मागे ड्रायरकडे जाणारा बाण. तो बाण बघून मालकांना वहीतला घोळ कळला: ड्रायरमधून निघालेल्या मालाचं वजन दर वेळी लिहिलं जायचं, म्हणजे तेच किलो दोनदा. आता परत गेलेल्या मालाला लॉट नंबर तोच राहतो आणि वजन एकदाच धरलं जातं. कोडची एक ओळ लिहिण्याआधी हे सुटलं.

ग्रेडिंगला मात्र हिरे काढू नका. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. अशा प्रत्येक ग्रेडला हिरा दिला तर नुसतं जाळं होतं. एक चौकट आणि शेजारी तक्ता पुरे. कोडच्या ओळीओळीचा चार्टही मी काढत नाही. कोड बदलतो, चार्ट तसाच राहतो, आणि नवा मुलगा चार्टवर विश्वास ठेवून बसतो. कारखान्यातलं काम तेवढं लवकर बदलत नाही, म्हणून त्याचा चार्ट भिंतीवर टिकतो.

जुन्या टूलमधले उरलेले चार्ट स्क्रीनवर बघून पुन्हा काढतोय. दिवाळीपर्यंत होतील. त्या कंपनीला आता एक रुपया देणार नाही.