मिनीडीव्ही कॅमकॉर्डर: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि बिघडल्यावर घरी काय जमतं

जुना मिनीडीव्ही कॅमकॉर्डर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रण करणारा कॅमेरा, आज हाताशी ठेवण्याचं खरं कारण एकच, जुन्या कॅसेट संगणकावर उतरवणं. त्या कामाला तो आठ महिने दर आठवड्याला लावल्यावर मत चांगलं आहे, पण अटींसह. मुख्य अट म्हणजे 'बंद पडलाय' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. एकाच डब्यात दोन यंत्रं असतात, कॅमेरा आणि टेपडेक. एक मेलं तरी दुसरं बहुधा जिवंत असतं.

म्हणून पहिली चाचणी कॅसेट न घालता. कॅमेरा मोडवर स्क्रीनवर समोरचं चित्र नीट दिसलं, तर लेन्स आणि सेन्सर ठीक. चित्र काळं, जांभळट किंवा ओरबाडल्यासारखं दिसत असेल आणि जुनी कॅसेट मात्र स्वच्छ चालत असेल, तर सेन्सर गेला आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत उष्णता आणि दमटपणामुळे सीसीडी सेन्सरच्या आतल्या जोडण्या सुटायच्या. 2005 मध्ये अनेक कंपन्यांनी हा दोष जाहीरपणे मान्य केला. घरी यावर उपाय नाही, पण कॅसेट उतरवायच्या असतील तर त्याने काही अडतही नाही. असा कॅमेरा टाकून देणं म्हणजे चांगला डेक टाकून देणं.

दुसरा संशयित वीजपुरवठा. जुनी बॅटरी स्क्रीन चालू करते, पण ड्रम (फीत वाचणारे हेड बसवलेला फिरता दंडगोल) आणि कॅसेट आत ओढणारी मोटर फिरू लागली की व्होल्टेज खाली बसतं आणि यंत्रणा अर्ध्यावर थांबते. कॅसेट बाहेर येत नाही याचं कारण कित्येकदा एवढंच असतं, कारण कप्पा मोटरवर उघडतो. ॲडॅप्टर लेबलवरच्या व्होल्टेजचाच हवा. अनेक मॉडेलना 8.4 व्होल्ट लागतात, तिथे 5 किंवा 12 चा जुगाड नको. तारीख दरवेळी पुसली जाणं हा बिघाड नव्हे. आतला छोटा सेल उतरलेला असतो. काही मॉडेलमध्ये तो चार्ज होणारा असतो, मग कॅमेरा 24 तास ॲडॅप्टरला लावून ठेवला की भरतो. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी दिसायला सारखा साधा लिथियम सेल बसवू नये.

स्क्रीनवरचे संकेत वाचावेत. सोनीच्या कॅमेऱ्यांवर C:21 म्हणजे आत बाष्प धरलं आहे. कॅसेट काढायची, कप्पा उघडा ठेवायचा आणि किमान तासभर थांबायचं. ओल्या ड्रमला फीत चिकटते, म्हणून यंत्र स्वतःच अडून बसतं. त्याच्याशी भांडू नये. C:22 म्हणजे हेड मळलेत. C:31 किंवा C:32 आलं तर कॅसेट निघत असेल तर काढून वीज पूर्ण तोडायची, थोड्या वेळाने परत जोडायची. पुन्हा तेच आलं तर दोष यांत्रिक आहे.

आता चित्रातले दोष. ॲनालॉग कॅसेटसारख्या मुंग्या इथे दिसत नाहीत, ठोकळे दिसतात. भारतातल्या पॅल या टीव्ही पद्धतीत एक फ्रेम फितीवर 12 तिरप्या ट्रॅकमध्ये लिहिली जाते, अमेरिकेतल्या एनटीएससीमध्ये 10. ड्रमवरचे दोन हेड हे ट्रॅक आळीपाळीने वाचतात. म्हणून एक हेड तुंबला की चित्रात एकाआड एक आडवे पट्टे फुटतात आणि मधले पट्टे अगदी स्वच्छ राहतात. ही खूण इतकी पक्की आहे की वेगळं निदान करावं लागत नाही. दोन्ही हेड तुंबले तर निळा पडदा आणि आवाज बंद. पण ठोकळे विखुरलेले असतील तर तीच जागा पुन्हा चालवून पाहावी. दरवेळी त्याच क्षणाला येत असतील तर दोष फितीत आहे, आणि कॅमेरा कितीही पुसला तरी ते जाणार नाहीत.

तुंबलेल्या हेडसाठी आधी कोरडी क्लीनिंग कॅसेट. प्लेवर 10 सेकंद, मग थांबवून बाहेर. रिवाइंड करायची नाही, कारण वापरलेला मळका भाग पुन्हा हेडवर येतो. ही फीत बारीक घासकागदासारखं काम करते, म्हणून दोनतीन वेळांपुढे जाऊ नये. 'दर महिन्याला साफ करा' हा सल्ला चुकीचा वाटतो. पट्टे दिसले तरच साफ करावं.

त्यानेही भागलं नाही तर हातानं. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कागद किंवा शॅमॉय (मऊ चामडं). कानात घालायची कापसाची काडी हेडजवळ आणायचीसुद्धा नाही, धागा अडकला की हेडचं टोक तुटतं. वीज तोडून ओलसर कागद ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने हळूहळू फिरवायचा. कागद हलवायचा नाही, वरखाली तर मुळीच नाही. अवघ्या 21.7 मिमी व्यासाचा हा ड्रम मिनिटाला 9000 फेरे घेतो आणि त्याच्या हेडची टोकं केसाहून बारीक असतात. उभा एक फटकारा पुरतो. नंतर फीत पुढे सरकवणारा कॅपस्टनचा दांडा आणि त्याला टेकणारा रबरी रोलर पुसावा. तिथे कापूस चालतो. रोलर चकचकीत झाला असेल तर फीत घसरते, आवाज तुटतो आणि फितीच्या कडा चुरगळतात. सगळं पूर्ण वाळेपर्यंत कॅसेट घालू नये.

कॅसेट आत जाताच परत बाहेर येत असेल तर आधी सवय तपासा. आतला कप्पा फक्त 'पुश' लिहिलेल्या जागी दाबायचा, तो आपणहून खाली बसू द्यायचा, मगच बाहेरचं झाकण लावायचं. दोन्ही एकदम ढकलल्याने कप्प्याच्या पत्र्याचे हात वाकतात. सवय बरोबर असूनही यंत्रणा अर्ध्यावर अडखळत असेल तर गिअरवरचं घट्ट झालेलं ग्रीस किंवा यंत्रणेची स्थिती ओळखणाऱ्या मोड स्विचचे काळवंडलेले संपर्क ही नेहमीची कारणं.

उघडायचं ठरलंच तर प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर आखून तिथेच तो चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की खालचा बोर्ड फोडतो. फोटोसाठी फ्लॅश असलेल्या मॉडेलमध्ये वीज काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात, अशा मॉडेलला नवख्याने हात लावू नये. अडकलेली फीत ओढायची नाही. लोडिंग मोटरचा आस चिमट्याने थोडा थोडा फिरवला की यंत्रणा उलटी चालते आणि फीत सैल होते. ती आधी कॅसेटमध्ये गुंडाळून घ्यायची, मग कप्पा वर आणायचा.

उतरवण्याच्या कामात हा डेक उत्तम. फायरवायरने (कॅमेऱ्याचं डीव्ही पोर्ट संगणकाला जोडणारी केबल) कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा येतो, तासाला सुमारे 13 जीबी. बऱ्याच कॅमेऱ्यांचा यूएसबी मात्र कार्डावरच्या फोटोंपुरता किंवा हलक्या चित्रापुरताच असतो. संगणकाकडच्या 6 पिनच्या टोकात वीज असते. ते टोक जोर लावून उलटं बसवलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं, म्हणून सगळं बंद ठेवून जोडावं. खरी डोकेदुखी एलपी कॅसेटची, म्हणजे जास्त वेळ मावावं म्हणून फीत हळू चालवून भरलेल्या. नेहमीच्या वेगात, म्हणजे एसपीत ट्रॅकची रुंदी 10 मायक्रॉन, एलपीत 6.7. दुसऱ्या कॅमेऱ्यावर एलपीत भरलेली कॅसेट स्वच्छ हेडवरही बऱ्याचदा तुटत चालते. हेड घासत बसण्यापेक्षा ती ज्या कॅमेऱ्यावर भरली तोच शोधावा. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट प्ले करण्याआधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळली की ताण सारखा होतो. काम संपल्यावर ती कॅमेऱ्यात ठेवायची नाही.